फुकट निरोपांच्या मुलखात

किशनमामांचं नाव आधी घेतो, मग बाकीचं. परभणी–बोरी एसटीवरचे कंडक्टर किशनमामा भेटले नसते, तर आज आपल्या वाचनालयाच्या अंकासाठी मी हे लिहायला बसलो नसतो. पुण्यात दारोदार काम मागत फिरत असतो. त्यांनी मला गाडीत जागा दिली, डब्यातली अर्धी भाकरी दिली, आपली सुट्टी माझ्यासाठी घालवली. आणि मी त्या मुलखात गेलो होतो कशासाठी, तर त्यांचंच गिऱ्हाईक पळवायला.

आपल्या गावातलं परभणीला कुणी गेलेलं नाही. मी निघालो तेव्हा आईनं विचारलं होतं, "तिकडे तांदूळ मिळतो का रे?" मला तरी कुठे माहीत होतं! सातवीनंतर शाळा सुटली, गुहागरची वाट सुटली आणि पुण्यात एका शेठच्या कारखान्यात झाळकाम, म्हणजे तारांना डाग देऊन जोडायचं काम, शिकलो. हल्ली जागोजागी पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ निघालेत. फोनशेजारी एक काळा डबा असतो, बोलायला लागलं की त्यावर तांबडे आकडे पळतात. ते डबे आम्ही बनवतो आणि बसवून देतो. बोरीच्या बूथवाल्यानं निरोप धाडला होता की यंत्र काढून न्या, इथे कुणी फोन करत नाही. शेठनं मला बोलावलं. "बोरीचा बाजार भरेपर्यंत तिथे राहा. लोक बोलायला लागले तर उत्तम. नाहीतर यंत्र उचलून आण, आणि ते ठेवून तूही घरी जा." शेठ रागानं बोलले नव्हते, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. सातवी पास पोराला दुसरं कोण झाळकाम देणार?

परभणी ते बोरी

परभणी स्टँडवर उतरलो तेव्हा पहाटेची थंडी हाडात शिरत होती. आपल्याकडे पौषात एक चादर पुरते. इथे माणसं डोक्याला उपरणं गुंडाळून, कानटोपी घालून, वर घोंगडी घेऊन चहा पीत होती. स्टँडच्या भिंतीवर विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा, हव्याच्याही आणि नकोच्याही, एकीवर एक रंगवलेल्या. मी ट्रंक आणि हत्यारांची पिशवी सांभाळत बोरीच्या गाडीत चढलो.

गाडी सुटायच्या आधी खिडकीखाली एक म्हातारा आला आणि कंडक्टरला म्हणाला, "मामा, बोरीत आमच्या शंकरला सांगा, बैलाचा सौदा झाला. रविवारी दावं घेऊन ये म्हणावं."

"दावं घेऊन. बरं."

मग एक बाई. "मामा, मपल्या भावाला सांगा, पोराचा ताप उतरला."

"उतरला का? बेस झालं. सांगतो."

कुणी चिठ्ठी देत नव्हतं, कुणी पैसा देत नव्हतं. कंडक्टर तिकिटं फाडत होता आणि निरोप डोक्यात ठेवत होता. बारीक अंगाचा, पांढऱ्या मिशांचा माणूस, कानामागे पेन्सिल. मी त्यांना विचारलं, "हे सगळं लक्षात राहतं?"

"न राहून सांगतो कुणाला? गावात उतरलं की तोंडं दिसतेत. तोंड दिसलं की निरोप आठवतो." मग माझ्या ट्रंकेकडे पाहिलं. "पाव्हणं कुठले?"

"गुहागरकडचा. कोकणातला. बोरीत फोनचं यंत्र बघायला आलोय."

"समुद्राकडचे व्हय! आन् इथं काळ्या मातीत कशाला आलाव? बसा, बसा. अशी ट्रंक मांडीवर घेऊन बसू नका, कुणी नेत न्हाई."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी. आपण कोकणातली माणसं डोंगराआड सूर्य पाहणारी. इथे डोळ्याला अडवायला काहीच नाही, नजर जाते ती जातेच. माती काळी, भेगाळलेली, आणि तिच्यात पुरुषभर उंचीची हिरवी ताटं, वर मोत्यासारखी कणसं. मला पहिल्यांदा वाटलं, अरे, इथे राहावं. दुसऱ्यांदा वाटलं, इथे माणसं इतक्या लांबलांब राहतात, फोन तर यांनाच हवा. मग कुणी करत कसं नाही?

बोरीत उतरल्यावर उत्तर समोरच होतं. गाडीभोवती पंधरा-वीस माणसं जमली आणि किशनमामा दारात उभे राहून एकेकाला हाक मारून निरोप वाटायला लागले. हसत, चेष्टा करत. "शंकरराव, दावं घ्या, बैल आला!" सगळे हसले. अख्ख्या गावाचा टेलिफोन पायरीवर उभा होता, आणि फुकट होता.

बोरी

बूथ खत-बियाण्याच्या दुकानाला लागून होता. मालक माणिकराव, बागायतदार, पोटाला हात लावून बोलणारे.

"तुमचं यंत्र लय चांगलं हाय," ते म्हणाले. "धूळ बसती त्याच्यावर, ती पण चांगली बसती."

"लोक येतच नाहीत?"

"येतेत. आकडे पळायलेत का बघतेत, आन् जातेत. किशनमामाला फुकट निरोप देता येतो, इथं कामून पैसे घालतील? परवा एकजण बोलला. काय बोलला सांगू? 'हालो. बरं हाय. ठेवतो.' घाम फुटला बिचाऱ्याला."

माणिकरावांच्या घरी जेवलो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ घातलेली आमटी. आमटीचा घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. वहिनी हसल्या, "कोकणी लेकराला तिखट लागलं." आपल्याकडे पाहुण्याला आधी भात वाढतात. इथे भात अगदी शेवटी आला, मूठभर, जणू आठवण म्हणून. पण भाकरी मात्र दूध घाला, तूप घाला करत वाढतच राहिल्या. मी इतक्या मायेनं कुठे जेवलो नव्हतो, आणि मनात सारखं येत होतं की या माणसांचं यंत्र मी कसं उचलून नेऊ?

रात्रभर विचार केला. पुण्यात दुकानदार काय करतात? पाटी लावतात. सकाळी खडू-रंग आणून मी फळी रंगवली: "कंडक्टरचा निरोप संध्याकाळी पोचतो. आमचा आत्ता!" रस्त्याला दिसेल अशी टांगली आणि खूश झालो.

दहाच्या गाडीनं किशनमामा आले. गाडी बूथसमोर थांबली. ते खाली उतरले, हात मागे बांधून पाटी वाचली. अख्खी गाडी खिडक्यांतून बघत होती.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मला हरवायलाव का?"

मी पाटीसमोरून बाजूला सरकलो.

"हरवा, हरवा. म्हातारं झालोय आता. पण एक करा, पाटीवर मपलं नाव तरी लिवा. 'कंडक्टर' म्हणून कामून लिवलं? ह्या रूटला दुसरा कंडक्टर न्हाई."

गाडीत हशा पिकला. मामा हसत गाडीत चढले, पण गाव हसलं नाही. त्या दिवशी बूथकडे कुणी फिरकलं नाही. माणिकराव संध्याकाळी म्हणाले, "किशनमामानं ह्या गावाचे सुखदुःखाचे निरोप जितके नेले, तितक्या भाकरी तुमी खाल्ल्या नसतील. त्याच्यावर पाटी लावतेत व्हय?" मी ती फळी उतरवली, धुतली आणि बूथमागे पालथी ठेवली.

बंदचा दिवस

दुसऱ्या दिवशी नामांतराच्या वादावरून बंद होता. गाड्या आल्या नाहीत. रस्ता इतका शांत की बैलाच्या गळ्यातली घंटा दुकानात ऐकू येत होती. आणि बूथसमोर माणसं! माणिकरावांनी बाहेर बाकडं टाकलं, पाण्याचा माठ भरून ठेवला. मला वाटलं, झालं, देव पावला.

पहिला आला शंकरराव, तोच बैलवाला. परभणीजवळच्या गावी व्याह्यांना बोलायचं होतं.

"नंबर सांगा," मी म्हणालो.

"कशाचा नंबर?"

"त्यांच्या घरच्या फोनचा."

"त्यांच्याकडं फोन कुठला आला?"

दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्यानं पूर्णेच्या बूथचा नंबर कुठूनसा आणला होता. लावून दिला. पलीकडून आवाज आला, "कौन? किसकू बुलाना? मैं काय डाकिया हूँ क्या?" आणि फोन ठेवला गेला. दुपारपर्यंत बाकडं रिकामं झालं. माणिकरावांनी माठावर झाकण ठेवलं.

"बघा मिस्त्री. मोटार बंद होती तरी तुमचं यंत्र चाललं न्हाई. आता मोटार सुरू झाल्यावर काय चालणार? बाजार झाला की घेऊन जा."

ते खरंच होतं. बस बंद म्हणून आलेलं गिऱ्हाईक बस सुरू झाल्यावर जाणारच. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात रुतली. आमच्या फोनला तोंड होतं, पण पलीकडे कान नव्हता. मामांकडे दोन्ही होतं.

संध्याकाळी बूथचं दार ओढून घेत होतो तेव्हा एक बाई आली. हिरवं लुगडं, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. गावाबाहेर मेंढ्यांचा वाडा होता, तिथली भागीरथीबाई. तिनं दार उघडंच राहू द्यायला सांगितलं आणि डब्याकडे बघत उभी राहिली.

"पूर्णेला मपली लेक हाय," ती म्हणाली. "कांता. रेल्वेतल्या गँगमनला दिली. पोटुशी हाय, पहिलटकरीण. तिला माहेरी आणायची हाय."

"मग फोन लावू?"

"दोनदा किशनमामाच्या हाती निरोप धाडला. दोनदा जबाब आला, 'बघू.' आमचे मालक मेंढरं घेऊन गोदेकडं गेलेत. मला वाडा सोडून जाता येईना. सातवा सरत आला. बघू म्हणजे काय रं बाळा? लेक बरी हाय का न्हाई, तेवढं तरी कळंल का ह्याच्यात?"

 यंत्र आहे, तार आहे, पूर्णेत बूथ आहे, आणि तरी मी तिला "कळेल" म्हणू शकत नव्हतो.

परभणी स्टँड आणि पूर्णा

सकाळी गाड्या सुरू झाल्या. मी किशनमामांच्या गाडीत चढलो आणि परभणीला उतरलो. स्टँडवर ते मला कँटीनमध्ये घेऊन गेले. तिथे मी जे पाहिलं ते पुण्याच्या मोठ्या एक्स्चेंजातही पाहिलं नव्हतं. जिंतूरचा कंडक्टर गंगाखेडच्याला निरोप देतोय, तो सोनपेठच्याला, सोनपेठचा परत बोरीला. चहाच्या घोटाघोटाला निरोप एका रूटवरून दुसऱ्या रूटवर जात होते.

"मामा," मी म्हणालो, "पाटीचं मनात ठेवू नका."

"कसली पाटी?" त्यांनी मला सुसला दिला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, शेंगदाणे-मिरची घातलेला. आपल्या पोह्यांसारखाच, पण अंगानं हलका. "खा. तुझं तोंड वाळलंय."

मग मी सगळं सांगितलं. शेठ काय म्हणाले, बाजारानंतर काय होणार, भागीरथीबाई काय म्हणाली. त्यांनी बशीत फुंकर घातली.

"एक सांगू का, लेकरा? तू समजतोस मला निरोप न्यायला लय आवडतं. आवडतं. बैल घेतला, पोर पास झालं, हे हसत नेतो. पण कुणाचा बाप गेला, ते पण मीच सांगायचं. गाडीच्या पायरीवर उभं राहून, चाळीस माणसांत. आन् भागीरथीच्या लेकीची विचारपूस मी कशी करू? पूर्णेचा कंडक्टर विचारायला जातो, तिथं सासू समोर उभी असती. 'बरी हाय' म्हणती, मी 'बरी हाय' आणतो. त्या 'बरी'त काय हाय, मला काय माहीत? असले निरोप तुझ्या डब्यात गेले तर मला सुटल्यावानी होईल." त्यांनी बशी ठेवली. "उद्या मपली सुट्टी हाय. पूर्णेला येतो तुझ्यासंगं."

पूर्णेला आम्ही पॅसेंजरनं गेलो. जंक्शन म्हणजे काय ते तिथे कळलं. रुळांची नुसती विणकाम केल्यासारखी गुंतागुंत, आणि गावातली निम्मी माणसं गाडीच्या शिट्टीवर घड्याळ लावणारी. मराठी, तेलुगू, हैदराबादी सगळं एका वाक्यात. स्टेशनबाहेरच्या बूथवाल्याला सगळे अण्णा म्हणत. परवा डाकिया हूँ क्या म्हणून फोन आपटणारे ते हेच.

"अण्णा," मामा म्हणाले, "ह्याचा फोन तुमी आपटला. कोकणातनं आलंय लेकरू."

"तो मैं क्या करूँ? फोन आता है, बोलते हैं फलानी की बहू को बुलाव. दुकान कौन देखेगा?"

"बुलवायला तुमी जाऊच नका. बुलावणं मी धाडतो. आदल्या दिवशी आमच्या कंडक्टरच्या हाती निरोप येईल: उद्या अमक्या वक्ताला अण्णाच्या बूथवर या. माणूस आधीच येऊन बसंल. तुमी फक्त फोन उचलायचा. आन् आलेला माणूस नुसताच बसंल का? तुमच्याकडनं चहा घेईल, बिस्कीट घेईल, परतीचा फोन बी करील."

अण्णांनी मिशीवर हात फिरवला. मला मात्र तेव्हा उमगलं. मी कंडक्टरशी लढत बसलो होतो. मामांनी माझ्या हरलेल्या खेळात स्वतःची गाडी जोडली होती! फुकटचा निरोप पुढे जाऊन माणूस बसवणार, आणि मग आमची तार बोलणार.

"बरोबर वक्ताला फोन नहीं आया तो?" अण्णांनी विचारलं.

"येईल," मी म्हणालो. 

मग कांताचं घर. रेल्वेच्या चाळीत शेवटची खोली, दारात तुळस. कांता पोट सावरत पाणी घेऊन आली. तोंड उतरलेलं होतं, पण सासूसमोर ती मान वर करत नव्हती. सासू चंद्रभागाबाई, ठसठशीत कुंकू. आम्हाला बसवलं, गरम धपाटे आणि दही दिलं, आणि मग सुरू झाली.

"मामा, तुमी मोठे हाव, तुमच्यावर राग न्हाई. पण मला सांगा, पहिल्या बाळंतपणाचं बोलावणं कंडक्टरच्या तोंडी धाडतेत का? मपली लेक बाळंतपणाला आणली तेव्हा तिच्या सासरी मी स्वतः गेले होते. विहिणीनं विहिणीला तोंडानं म्हणावं लागतं, 'लेक द्या.' तेवढा मान मला नको? बोलावणं काय पार्सल हाय, टपावर टाकून धाडायला?"

"मेंढरं हायेत वो तिच्याकडं. मालक बाहेर."

"मेंढरं माझ्या मानापरीस मोठी का?"

मामा माझ्याकडे बघायला लागले. मी धपाटा हातात तसाच धरून बसलो होतो. आपल्याकडेही हे असंच की! लग्नाची अक्षत टपालानं आली तर आपली माणसं म्हणतात, "अक्षत आली, बोलावणं नाही आलं." निरोप पोचला होता. बोलावणं पोचलं नव्हतं.

"आई," मी म्हणालो, "त्यांचं तोंड इथं आणता येत नाही. पण त्यांचा आवाज आणला तर?"

"म्हणजे?"

"परवा बोरीचा बाजार. त्या दिवशी चार वाजता तुम्ही अण्णांच्या बूथवर या. भागीरथीबाई स्वतः बोलतील. मध्ये कुणाचं तोंड नाही."

चंद्रभागाबाईनं पदर सारखा केला. "फोनवरचं बोलावणं खरं धरतेत का, मला ठावं न्हाई. येते. पटलं तर धरीन. न्हाई तर न्हाई."

दारातून निघताना कांता उंबऱ्यापर्यंत आली.  मामांच्या पायाला हात लावला आणि उठताना हळूच म्हणाली, "मायला म्हणावं, मोठ्यानं बोल."

बोरीचा बाजार

बाजाराच्या दिवशी बोरी फुगते. मेथी, वांगी, गूळ, घोंगड्या, दाव्या-दोऱ्या, बांगड्यांच्या राशी. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. तारा तीनदा तपासल्या. माणिकरावांनी यंत्रासाठी खोकं आणि सुतळी आणून कोपऱ्यात ठेवली होती, ती मात्र दिसत होती.

चारच्या आधी भागीरथीबाई आली. नवं लुगडं, डोक्यावरून पदर. हातात टोपली, टोपलीत नारळ, खण, तांदूळ. बूथच्या दारात तिनं वहाणा काढल्या.

"आत चपला चालतात, मावशी," मी म्हणालो.

"विहिणीच्या दारात जायलेय, बाळा."

बघता बघता गर्दी जमली. कुणीतरी चेष्टा केली, "भागीरथे, तारेतनं नारळ धाडतीस काय?" किशनमामाची गाडीही आली आणि ती आज जरा जास्तच थांबली. ड्रायव्हर हॉर्न मारेना, खिडक्यांतून माणसं वाकली.

नंबर फिरवला. लागला नाही. परत फिरवला. टूँ-टूँ.  माणिकराव म्हणाले, "मिस्त्री..." आणि थांबले. मी डोळे मिटून परत फिरवला.

"बोलो बोलो," अण्णा ओरडले. "कब से बैठे हैं, चाय दो बार हुई!"

मी फोन भागीरथीबाईच्या कानाला लावला. तांबडे आकडे पळायला लागले. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. तेवढ्यात माणिकरावांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि आकड्यांवर टाकला. "बोला तुमी. ते मी बघतो."

भागीरथीबाईनं श्वास घेतला आणि असा आवाज काढला की बाजारातली कोंबडी उडाली.

"विहीणबाई! मी भागीरथी! मी स्वतः हाय! तुमच्या दारात उभी हाय असं समजा. वहाणा काढून उभी हाय. मपली लेक द्या! पहिलं बाळंतपण हाय, माहेरचं हाय, मान तुमचा हाय!"

 पलीकडचं कुणालाच ऐकू येत नव्हतं. आम्ही फक्त भागीरथीबाईचं तोंड बघत होतो. ते आधी आवळलं, मग थरथरलं.

"काय म्हणतेय?" मामांनी पायरीवरून विचारलं.

तिनं हातानं गप्प केलं. ऐकत राहिली. मग एकदम हसली. काळ्यासावळ्या तोंडावर सगळे दात दिसले.

"म्हणतेय, आवाज तुझाच हाय. मेंढराला हाक मारतीस तसाच हाय. मग आलीसच तू!"

जो गलका झाला तो मी कधी विसरणार नाही. शंकररावानं पटका उडवला, ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. भागीरथीबाई आत ओरडत होती, "गप बसा रं, लेक बोलायलीय!" मग ती वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी दार ओढून घेतलं. काचेतून नुसती पाठ दिसत होती. बोलताना ती डोलत होती, जसं लेकरू कडेवर आहे.

ती बाहेर आली तेव्हा डोळे ओले आणि मान ताठ होती. "जेवण जात न्हाई म्हणती, पायाला सूज हाय. बरी हाय म्हणत होते समदे! आता मी हाय ना. मंगळवारी जावाई घेऊन येतेत." मग टोपलीकडे बघून थबकली. "आन् ही वटी? ही कशी धाडायची?"

"आण इकडं," किशनमामा पायरीवरून उतरले. "बोलावणं ह्याच्या डब्यातनं गेलं. नारळ-खण मपल्या गाडीतनं जाईल. ते फुकट."

तिथून पुढे बाजार संपेपर्यंत मला मान वर करायला सवड मिळाली नाही. माघात लग्नं होती. कुणाला मामाला बोलवायचं होतं, कुणाला रुसलेल्या आत्याला. "निरोप नको, स्वतः बोलतो," असं लोक एकमेकांना सांगायला लागले. मामांनी परभणीच्या कँटीनमध्ये ठरवून टाकलं की आदल्या दिवशी वेळेचा निरोप ते नेणार, फुकट, पूर्वीसारखाच, आणि मनातलं बोलायचं ते बूथवर. सोनपेठचा बूथवाला त्याच आठवड्यात हे बघायला आला. माणिकरावांनी बूथमागची फळी स्वतः काढली आणि नवीन मजकूर सांगितला, मी रंगवला: "निरोप किशनमामांकडे द्या. बोलावणं इथून द्या." खोकं आणि सुतळी त्यांनी शंकररावाच्या गोठ्यात देऊन टाकली.

बाजाराच्याच संध्याकाळी मी त्याच बूथमधून पुण्याला फोन लावला होता.

"काय रे," शेठ म्हणाले, "यंत्र सोडवलंस का?"

"यंत्र इथंच राहिलं, शेठ. त्याच्यातूनच बोलतोय."

 ते म्हणाले, "मग आता सोनपेठला जा. तिथलाही यंत्र परत न्या म्हणतोय." एवढंच. पण मी फोन ठेवला आणि बाकड्यावर बसून घटाघटा पाणी प्यालो.

निघताना

निघायच्या आदल्या दिवशी मामांनी मला एका शेतात नेलं. गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली, हातावर चोळली, आणि गरम हिरवा हुरडा ओंजळीत दिला. वर तिळाची चटणी आणि गूळ. खाताना ते म्हणाले, "लेकरा, तुझ्या समुद्राचा आवाज लय मोठा असतो म्हणे."

"असतो."

"फोनमधनं ऐकू येईल का?"

मी हो म्हणणार होतो. मग आठवलं, हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांचं पोचवत आला. पायरीवर उभा राहून, कुणाचं सुख, कुणाचं मरण. त्याला स्वतःला कुणी कुठे बोलावलेलं मी ऐकलं नव्हतं.

सोनपेठचं काम उरकून मी आता सुट्टीत गावी येऊन हे लिहितोय. कधीतरी आपल्या गावातही तार येईल, पिवळी पाटी लागेल. तेव्हा मी भागीरथीबाईला फोन करीन, माणिकरावांना करीन, अण्णांना मुद्दाम दोनदा करीन. किशनमामांना मात्र फोन करणार नाही आणि निरोपही धाडणार नाही. ते निवृत्त होतील तेव्हा बोरीच्या गाडीत बसून त्यांच्या दारात जाईन, वहाणा काढीन आणि स्वतःच्या तोंडानं म्हणेन, "मामा, चला." आणि त्यांना आपल्या किनाऱ्यावर आणून बसवीन. कुणाचाही निरोप डोक्यात न घेता त्यांनी निवांत समुद्र ऐकावा. एवढं फेडल्याशिवाय मला चैन नाही.